ऑर्फिअस मागं वळतो तो क्षण स्टेजवर कसा करावा? (गोंधळाच्या बाजातली एकांकिका)

सेलूकर मास्तर

राम राम मंडळी. परभणी जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि दरवर्षी स्पर्धेसाठी पोरांची एकांकिका बसवतो. यंदा पोरांनी आधीच अट घातली: 'सर, दुष्काळ नको, कर्ज नको, शेवटी दोर तर नकोच. दरवर्षी आपण मरायचं आन् परीक्षकांनी रुमाल काढायचा.' बरोबर होतं त्यांचं. म्हणलं चला, यंदा दुसऱ्या कुणाचं मरण घेऊ. त्यांना ग्रीकांच्या ऑर्फिअसची गोष्ट सांगितली आणि वर्ग गप्प बसला. माझ्या तासाला हे सहसा होत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑर्फिअस हा थ्रेस देशीचा गवई. आई कॅलायोपी, म्हणजे साक्षात काव्याची देवता. हातात लायर नावाचं तंतुवाद्य. हा वाजवायला लागला की जनावरं येऊन बसायची, झाडंसुद्धा सरकत जवळ यायची. युरिडिसीशी लग्न झालं आणि अंगाची हळद उतरायच्या आत तिला घोट्याला साप डसला. हा पठ्ठ्या वाद्य घेऊन जिताजागता पाताळात उतरला, हेडीज आणि पर्सेफोनी या तिथल्या राजाराणीपुढं गायला आणि बायको परत मिळवली. अट एकच. ती मागून चालेल, वर उजेडात पोचेपर्यंत यानं मागं पाहायचं नाही. पार तोंडाशी आल्यावर यानं पाहिलं. गेली ती.

गोंधळाचा बाज का, तर आपल्याकडं लग्न झालं की गोंधळ घालतात. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, सगळ्यांना चौकावर यायचं बोलावणं जातं. ऑर्फिअसच्या लग्नातही एका देवाला बोलावलंय, हायमेनीअस त्याचं नाव. तो येतो खरा, पण त्याच्या हातातली मशाल नुसती धुपते, कितीही हलवा, पेटत नाही. हे वाचलं आणि मला दिवटी दिसली. गोंधळ्यांचा म्होरक्या नाईक बुधलीतून तेल घालायलाय, परत घालायलाय, आणि दिवटी धूरच सोडायलीय. सुरुवात तिथं ठरली.

पाताळात कायमची शिक्षा भोगणाऱ्यांचा भाग झिलकऱ्यांनी, म्हणजे नाईकामागं साथ धरणाऱ्यांनी, उचलून धरलाय. नाईक म्हणतो, 'गाणं सुरू झालं.' झिलकरी: 'मग टँटलसचं काय झालं जी?' 'जन्माचा तहानलेला, पण पाण्याकडं हात न्यायचा विसरला.' 'इक्झायनचं चाक?' 'थांबलं.' 'टिटियसचं काळीज टोचणारी गिधाडं?' 'चोची मिटून बसली.' 'आन् जन्मभर धोंडा ढकलणारा सिसिफस?' 'आपल्याच धोंड्यावर बसून ऐकायलाय जी.' या शेवटच्या वाक्याला हमखास हशा येतो.

अडलंय ते परतीच्या वाटेला. प्रेक्षकांना दोघंही दिसतात, तो पुढं, ती मागं. आमच्या युरिडिसीनं विचारलं, 'सर, मी पाय वाजवत चालू का गुपचूप?' मला सांगता येईना. ऑर्फिअस झालेल्या पोराला विचारलं, तू का वळतोस, तर म्हणतो 'प्रेमापोटी'. आणि वळताना त्याची मान आधी जाते, खांदे मागून जातात, हातातलं तुणतुणं तिसरीकडंच. बघणाऱ्याला हसू येतं. तर माझा प्रश्न साधा आहे. तो का वळला? नटाला अंगात धरता येईल असं कारण सांगा. प्रेम, नियती, मानवी दुर्बलता वगैरे नको, ते मी परीक्षकांना लेखी देणारच आहे.

अभिजित तारा

मास्तर, दिवटी वाचूनच दिल खूश झालं. संभाजीनगरहून लिहितोय. ग्रीक येत नाही, पण या गोष्टीची इंग्रजी भाषांतरं जमतील तेवढी वाचलीत.

आधी हे बघा की तुमची गोष्ट ग्रीकांची असली तरी आज जी सविस्तर सांगितली जाते ती दोन रोमन कवींकडून आलेली आहे, आणि दोघांचं वळण्याचं कारण वेगळं आहे.

पहिला व्हर्जिल, इसवी सनपूर्व 29. गंमत म्हणजे ही कथा येते शेतीवरच्या काव्यात, मधमाश्यांच्या प्रकरणात. अ‍ॅरिस्टीअस नावाच्या एकाच्या माश्या मरून जातात. का, तर तो युरिडिसीच्या मागं लागला होता, त्याच्यापासून पळताना नदीकाठच्या गवतात तिला साप दिसायचा राहिला. तिच्या मैत्रिणींचा कोप याच्या पोळ्यांवर. व्हर्जिल म्हणतो, ऑर्फिअसला अचानक वेड लागलं, आणि ते क्षमा करण्यासारखं होतं, पाताळाला क्षमा करता येत असती तर. इथं युरिडिसी बोलते. चिडूनच बोलते म्हणा ना: कसलं हे वेड, ज्यानं माझाही घात केला आणि तुझाही? हात पुढं करते, आणि धूर हवेत मिसळावा तशी जाते.

दुसरा ओव्हिड, इसवी सन 8 च्या सुमाराचा. त्यात अ‍ॅरिस्टीअसचा पत्ताच नाही. ही मैत्रिणींबरोबर गवतातून फिरत असते, साप चावतो, विषय संपला. ऑर्फिअसचं गाणं मात्र वकिलाच्या युक्तिवादासारखं आहे. म्हणतो, तुमचा तीन तोंडांचा कुत्रा बांधून न्यायला मी आलेलो नाही. शेवटी आम्ही सगळे तुमच्याकडंच येणार आहोत, मी कायमची मागत नाही, वापरापुरती द्या. आणि वळण्याची दोन कारणं तो एका ओळीत देतो: ती गळून पडेल ही भीती, आणि तिला बघायची ओढ. इथं ती तक्रार करत नाही. करणार तरी काय, ओव्हिड म्हणतो, आपल्यावर कुणी प्रेम केलं याची? एकच निरोपाचा शब्द, तोही त्याच्या कानापर्यंत जेमतेम पोचतो.

तेव्हा तुमची युरिडिसी बोलणार आहे का नाही हे आधी ठरवा. माझं मत व्हर्जिलकडं. पोरीला एक वाक्य तरी मिळू द्या, अर्धा तास बिचारी मागं चालणार.

(माझ्या नावाचं कुणी विचारायच्या आत: ऑर्फिअसची लायर पुढं आकाशात ठेवली असं ग्रीक सांगतात. तेच आपलं स्वरमंडळ, आणि त्यातला ठसठशीत तारा म्हणजे अभिजित.)

गोदाकाठची

सर, हे ग्रीसला जाऊन कशाला आणायचं? महाभारतात आदिपर्वात रुरू आणि प्रमद्वरा आहेत की. प्रमद्वरा मेनकेची मुलगी, बाप गंधर्वांचा राजा विश्वावसू, म्हणजे गाणं तिच्या घरातच. लग्न ठरलेलं, मैत्रिणींबरोबर खेळताना सापावर पाय पडला आणि गेली. रुरू रानात जाऊन रडतो. देवदूत सांगतो, तुझं अर्धं आयुष्य देत असशील तर उठेल. हा देतो, ती झोपेतून उठल्यासारखी उठते, लग्न होतं. एकही वाद्य नाही, मागं बघू नको पुढं बघू नको काही नाही. रोखठोक व्यवहार.

सावित्री सगळ्यांना पाठ, रुरू कुणाला ठाऊक नाही. तुमच्या पोरांनी तो केला तर नावीन्यही मिळेल.

सेलूकर मास्तर

ताई, रुरू माहीत होता, पोरांपुढं ठेवलाही होता. एक जण म्हणाला, 'सर, यात तो चुकतच नाही, मग नाटक कशाचं?' तसं त्या कथेत पुढं तो दिसेल तो साप मारत सुटतो आणि एक बिनविषारी डुंडुभ त्याला थांबवून जाब विचारतो, ते माझ्या डोक्यात आहे. पुढच्या साली. यंदा ऑर्फिअसच.

अभिजितदादा, भीती आणि ओढ दोन्ही पटलं, पण पोराला 'भी' म्हणलं की तो डोळे मोठे करतो. ओढ सांगितली की पिक्चरमधल्यासारखा हात लांब करतो.

मागच्या रांगेतला

मास्तर, माऊली, मी नाटकातला माणूस नाही. गंगाखेडकडचा. सप्त्यात टाळ घेऊन उभा राहतो, तेही बुवांच्या मागच्या दुसऱ्या रांगेत, म्हणून हे नाव. ऑर्फिअस हे नाव मी इथं पहिल्यांदा वाचलं आणि काल रात्रीपासून तो डोक्यातून जायला तयार नाही. तुमच्या प्रश्नाचं मला जे दिसतं ते सांगतो, पटलं तर घ्या.

कीर्तनात बुवा पुढं असतात, तोंड श्रोत्यांकडं. टाळकरी सगळे पाठीमागं. म्हणजे ज्यांच्या जिवावर अभंग उभा राहायचा ते बुवांना दिसतच नाहीत. दोन तास बुवा मागं बघत नाहीत. निरूपण चालू असतं तेव्हा आमचे टाळ गप्प असतात, तरी बघत नाहीत. कारण चरण उचलला की मागून टाळ पडणार हे ठाऊक असतं. विश्वास वगैरे मोठा शब्द झाला. कानाला सवय झालेली असते, इतकंच.

आता एक ऐकलेलं नाही, पाहिलेलं सांगतो. आमच्याकडच्या एका गावात सप्ता होता. कीर्तन रंगलेलं, आणि लाईट गेली. माईक बंद, हॅलोजन बंद, पार गुडूप. बुवा कसलेले, त्यांनी गाणं सोडलं नाही. पण मागं काय झालं, मृदंगवाल्याचा हात थबकला, का तर आपण कुठं आहोत हे त्याला कळेना. मृदंग थांबला म्हणून पहिली रांग थांबली, पहिली थांबली म्हणून आम्ही थांबलो. बुवा एकटेच चार शब्द पुढं गेले आणि गर्रकन वळले. मी त्यांच्या मागं पाच हातांवर. अंधारात त्यांना काय डोंबल दिसणार होतं? तरी वळले. बघायला वळलेच नव्हते ते. मागून येणारा आवाज बंद पडला होता आणि अंग आपोआप फिरलं.

मला वाटतं तुमच्या गवयाचं हेच झालं. अभिजितदादा, एक सांगा, परतीच्या वाटेवर तो वाजवत होता का? का नुसताच चालत होता?

अभिजित तारा

काय प्रश्न विचारलात माऊली! पुन्हा पुस्तक काढून बघितलं. ओव्हिडमध्ये परतीच्या वाटेवर गाण्यावाजवण्याचा उल्लेख नाही. उलट त्यानं वाटेचं वर्णनच असं केलंय: चढण, अंधार, दाट धुकं आणि मुकी शांतता. व्हर्जिलही तिथं गाण्याबद्दल काही बोलत नाही.

आणखी एक तुमच्या कामाचं. युरिडिसीला बोलावतात तेव्हा ती नुकत्याच आलेल्या मृतांच्या घोळक्यातून बाहेर येते ती लंगडत. सापाच्या जखमेमुळं पाऊल हळू पडतंय असं ओव्हिड स्पष्ट म्हणतो. मेल्यावरही घोटा दुखतोय. 'गळून पडेल ही भीती' पुढं येते ती याच्यावर उभी आहे. मी इतके दिवस ती ओळ नुसती करुण म्हणून वाचत होतो.

मागच्या रांगेतला

मग तर सरळच झालं की. बघा मास्तर:

या माणसाचं सगळं आयुष्य प्रतिसादावर गेलंय. वाजवलं की झाड हललं, वाजवलं की वाघ बसला. पाताळात वाजवलं तर ज्यांना रडू ठाऊक नाही ते रडले. याला आवाज टाकला की उत्तर मिळतं एवढंच माहीत आहे. आणि परतीच्या वाटेला वाजवणं नाही, मागून उत्तर नाही, सावलीचं पाऊल वाजत नाही. वर ती लंगडी, म्हणजे मागं पडली असेल का हाही घोर. एवढी वाट हा माणूस त्या शांततेत चालला हेच मला जास्त वाटतं. आमचे बुवा चार शब्दच टिकले.

म्हणून तुमच्या पोराला सांगा, डोळ्यांनी काही करू नको. आधी कान. चालता चालता पाऊल थांबतं, डोकं किंचित खाली, श्वास रोखून मागचं ऐकायचा प्रयत्न. काही येत नाही. दोन पावलं पुढं. परत तेच. तिसऱ्यांदा अंग फिरतं आणि ते सगळं एकदम फिरतं, मान, खांदे, हात, कारण त्यात ठरवणं नाही. तुणतुणं मधे येतंय तर पाठीला लावा.

आणि संबळ त्या वेळी बंद. पूर्ण बंद. पाताळात शिरताना कडकडाट करा हवा तेवढा, पण वर चढताना एक ठोका नको. पोरगं मोहानं एखादी थाप मारील, म्हणून काड्या हातातून काढून घ्या.

गोदाकाठची

भाऊ, लाईटची गोष्ट लाख बोललात. पण युरिडिसी स्टेजवर एकदम मुकी चालली तर प्रेक्षकाला काय कळणार? एका पायात पैंजण घाला. साप चावलेला पाय मोकळा. छुम्... (काही नाही)... छुम्. लंगडणं कानानं कळेल.

मागच्या रांगेतला

ताई, कल्पना गोड आहे, पण पैंजण वाजलं तर तो वळेल कशाला? त्याला तर ती येतेय हे कळलंच. आवाज नाही म्हणून तर सगळं घडलं. पैंजण लग्नात घाला, दोन्ही पायांत. पाताळातून येताना पाय मोकळे.

शाळूवाला

मधेच घुसतोय. मी शेती करतो, जालन्याकडं. सगळे नवराबायकोच्या मागं लागलेत, त्या राणीकडं कुणी बघेना. पर्सेफोनी तिथली मूळची नाही. फुलं तोडत होती, जमीन फाटली आणि हेडीजनं रथात घालून नेली. आई डिमीटर धान्याची देवी. तिनं जगात कणीस धरू दिलं नाही, तेव्हा देव वठणीवर आले. पण पोरीनं खाली डाळिंबाचा दाणा खाल्ला होता, म्हणून वर्षाचा तिसरा हिस्सा तिला खाली राहावंच लागतं.

शाळेत आम्हाला सांगितलं होतं की ती खाली जाते तो हिवाळा. पण ग्रीसमध्ये पाऊस पडतो हिवाळ्यात, पेरणी पावसाळा लागताना, आणि रान उघडं पडतं ते उन्हाळ्यात. मार्टिन निल्सन नावाच्या स्वीडिश अभ्यासकानं म्हणूनच मांडलं की ती खाली असते ते उन्हाळ्याचे महिने, सुगी झाल्यावर बियाणं जमिनीखालच्या कोठारात असतं तेव्हाचे. हे वाचलं आणि मला आजोबांचं पेव आठवलं. ज्वारी त्यातच असायची. तोंड उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, आधी हवा खेळू द्यायची, मग कंदील सोडायचा. कंदील विझला तर माणूस खाली जात नसे.

सांगायचं हे, मास्तर, की वर जायची वाट त्या राणीला पायाखालची आहे. दरवर्षी जाते-येते. व्हर्जिलमध्ये ती अटही तिनंच घातलेली आहे ना? मग तिला नुसती सिंहासनावर बसवू नका. हातात उललेलं डाळिंब द्या, आणि अट सांगताना तिनं हेडीजकडं न बघता या पोरीकडं बघून सांगावी.

अभिजित तारा

हो, व्हर्जिलमध्ये अट राणीचीच. आणि ओव्हिडच्या गाण्यात ऑर्फिअस त्या अपहरणाची आठवणही काढतो, म्हणतो ती जुनी गोष्ट खरी असेल तर तुम्हा दोघांनाही प्रेमानंच एकत्र आणलंय. राणीपुढं हे बोलायला छाती पाहिजे.

विरुद्ध पक्षही सांगून ठेवतो, परीक्षक विचारतील. प्लेटोच्या 'सिम्पोझियम'मध्ये फीड्रस नावाचा वक्ता ऑर्फिअसला सरळ भित्रा म्हणतो. म्हणे, प्रेमासाठी मरायची हिंमत नव्हती, वाजवणारा मऊ माणूस, जिवंतपणी आत शिरायची युक्ती काढली, म्हणून देवांनी त्याला बायकोची नुसती छाया दाखवून परत धाडलं. खरी अल्सेस्टिस, जी नवऱ्याऐवजी स्वतः मेली. तिच्यावर युरिपिडीसचं नाटक आहे, इसवी सनपूर्व 438 चं. त्यात तिचा नवरा म्हणतो, माझ्याकडं ऑर्फिअसची वाणी असती तर मी खाली जाऊन तुला घेऊन आलो असतो. त्यावरून काहींचा कयास असा की जुन्या काळी ऑर्फिअस बायकोला आणण्यात यशस्वी होत असावा.

गोड शेवट हवा असेल तर तोही आहे. 1762 ला व्हिएन्नात ग्लुकनं संगीतिका केली, त्यात तो वळतो, ती मरते, आणि प्रेमदेवता येऊन तिला पुन्हा उठवते.

मागच्या रांगेतला

त्या प्लेटोबाबांच्या वक्त्याला एकदा सप्त्यात टाळ धरायला लावा. रात्रभर.

सेलूकर मास्तर

मंडळी, तुमचं सगळं पोरांना वाचून दाखवलं आणि लगेच करून बघितलं. संबळवाल्याच्या काड्या खरंच काढून घेतल्या. ऑर्फिअसला सांगितलं, प्रेम विसर, मागं कोण आहे ते ऐक. पहिल्या थांब्याला वर्गातला पंखा ऐकू आला. दुसऱ्या थांब्याला युरिडिसी मागं खरोखरच थांबली होती, कारण तिला वाटलं हा वळणार. तिसऱ्याला तो फिरला तेव्हा ती त्याला वाटलं त्यापेक्षा दोन हात लांब होती आणि त्याचा चेहरा जो झाला तो मी सांगून झाला नसता. ते तसंच ठेवतोय. लंगडणं ठेवलं, पैंजण काढलं, राणीला डाळिंब दिलं. युरिडिसीला व्हर्जिलचं वाक्य द्यायचं का ओव्हिडचा एक शब्द, यावर पोरी आणि पोरं असे दोन तट पडलेत. पोरींना वाक्य पाहिजे. बहुधा मिळेल.

प्लेटो आणि ग्लुक कापले, आम्हाला अर्धाच तास मिळतो. ओव्हिडनं पुढं लिहिलेलं, थ्रेसच्या बायकांनी त्याला मारल्यावर तो खाली तिला भेटतो आणि दोघं कधी बरोबर चालतात, कधी तो पुढं होऊन बिनधास्त मागं बघतो, ते पोरांना फार आवडलंय. पण त्याला पाच मिनिटं लागतील आणि ती कुठून काढू ते कळेना. सिसिफसचा हशा कापायला कुणी तयार नाही.

धास्ती एकच राहिली. आमच्याकडं स्टेजवर शांतता झाली की मागच्या खुर्च्यांवरून शिट्टी येते.

आणि तुणतुणं पाहिजे. आत्ताचं पोरांनी डब्याचं केलंय, तार सारखी उतरते. परभणीच्या आसपास कुणाकडं चांगलं मिळेल का? स्पर्धा झाली की दुसऱ्या दिवशी परत.

मागच्या रांगेतला

शिट्टी येऊ द्या. ऑर्फिअसनं ती ऐकली तरी वळायचं नाही एवढं सांगून ठेवा, तिसरा थांबा चुकेल.

तुणतुण्याचं बघतो. पूर्ण्याकडं ओळखीच्या गोंधळ्यांचं घर आहे, त्यांच्याकडं जुनं कातड्याचं आहे. पोराला रविवारी सकाळी पाठवा, सोबत नारळ द्या. म्हातारबा आधी त्यालाच वाजवायला लावतील आणि दहा चुका काढतील, तोंड वर करून बोलू नको म्हणावं. वाद्य खाली जमिनीवर ठेवलेलं त्यांना चालत नाही, कापडात गुंडाळून न्या. आणि पाठीला बांधायला पट्टा तुमचा तुम्ही करा, तो त्यांच्याकडं नाही.